'पुढच्या वर्षी बघू' म्हणणारी बाई आळशी नसते

जून उजाडला की आमच्या मालेगावात चौकाचौकात फ्लेक्स लागतात. कोट-टाय घातलेले एक गृहस्थ, एक हात वर केलेला, आणि खाली ठळक अक्षरांत 'आता नाही तर कधीच नाही'. दोन दिवसांचे शिबिर, मर्यादित जागा, आज नाव नोंदवल्यास सवलत. अशा शिबिरांत जे सांगितले जाते त्याचा गोषवारा एका वाक्यात देता येतो: तुमचे आयुष्य जिथे अडले आहे तिथे ते तुमच्या आळसामुळे अडले आहे, आणि तो आळस आम्ही मोडून देऊ. या सांगण्याला माझा विरोध आहे. ते खोटे आहे, ते महाग आहे, आणि ज्यांच्या पायात आधीच शंभर बेड्या आहेत अशा माणसांना ते आणखी एक बेडी घालते.

मी शिक्षिका आहे. उर्दू आणि मराठी शिकवते. दिवसा शाळेतली मुले, आणि संध्याकाळी आम्ही काही शिक्षिका मिळून शिक्षण अर्धवट सुटलेल्या बायका-मुलींना दहावीला बसवण्याचे काम करतो. मला कुणी 'लाइफ कोच' म्हणत नाही, मी कुणाला 'क्लायंट' म्हणत नाही. पण काम तेच आहे. ज्याला बदलायचे आहे, जो बदलायचे म्हणतो, आणि तरीही पाऊल उचलत नाही, अशा माणसासमोर बसायचे. म्हणून या विषयावर बोलण्याचा हक्क मला आहे असे मी समजते.

आता चालढकल म्हणजे नेमके काय, ते एका उदाहरणातून पाहू.

शाळेत न जाता दहावी-बारावीची परीक्षा द्यायची तर राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. अर्ज ऑनलाइन असतो. शाळा सोडल्याचा दाखला जोडायचा. मूळ दाखला हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. शुल्क भरायचे, ठरवून दिलेल्या संपर्क केंद्रावर कागद द्यायचे. मुदत असते, मुदतीनंतर विलंब शुल्क असते, आणि त्यानंतर दार बंद होते. परीक्षा उर्दू माध्यमातून देता येते. एखाद्या विषयात पास व्हायला शंभरपैकी ३५ गुण लागतात. कागदावर पाहिले तर यात अवघड काहीच नाही. दोन-तीन फेऱ्या आणि एक सही.

तरीही तीस वर्षांची बाई वर्गाच्या दारापर्यंत येते, सगळी माहिती विचारते, मान डोलावते आणि म्हणते, "अगले साल देखेंगे, आपा." पुढच्या वर्षी पुन्हा येते आणि पुन्हा तेच म्हणते. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, हिला शिकायचेच नाही. अहो, शिकायचे नसते तर ती आलीच नसती! ज्याला शिकायचे नाही तो दारापर्यंत येत नाही, आणि दुसऱ्या वर्षी तर मुळीच येत नाही.

मग ती थांबते कशासाठी? तिच्याजवळ बसून, घाई न करता विचारले तर एकेक गोष्ट बाहेर पडते. दाखला माहेरच्या गावातल्या शाळेत आहे. तो आणायचा तर भावाला सांगावे लागेल, आणि भाऊ विचारेल, या वयात कशाला? दाखल्यावर नाव माहेरचे, आधारवर नाव सासरचे, आणि स्पेलिंग दोन्हीकडे वेगळे. परीक्षेच्या हॉलमध्ये शेजारच्या बाकावर स्वतःच्या मुलीच्या वयाची पोरगी बसणार. गणितात नापास झाले तर ते आधी सासूला कळणार, मग जावेला, मग अख्ख्या गल्लीला. दिवसभर घरात कांड्या भरायच्या, त्याचे पैसे सुटले तर किराण्याचे गणित बिघडणार. शुक्रवारी यंत्रमाग बंद, माणसे घरी, म्हणून त्या दिवशी घराबाहेर पडणे अवघड. आणि या सगळ्याच्या तळाशी एक जुनी गोष्ट: सातवीत असताना कुणीतरी भर वर्गात म्हटलेले, 'तुझ्या डोक्यात काही शिरणार नाही.'

यातल्या कुठल्या गोष्टीला आळस म्हणायचे? ही बाई पहाटे उठते, पाणी भरते, तीन मुलांचे डबे करते, म्हाताऱ्या सासऱ्यांचे औषध-पाणी पाहते. आळस हा शब्द तिच्या घरात कुणासाठी वापरायचाच असेल तर तो तिच्यासाठी नाही. ती जे करते आहे त्याला हिशेब म्हणतात. बदलाची किंमत ती मोजते आहे, आणि ती किंमत तिला एकटीने भरायची आहे हे तिला नीट कळलेले आहे. तिचे 'पुढच्या वर्षी' हे त्या हिशेबाचे उत्तर आहे. उत्तर बदलायचे असेल तर हिशेबातले आकडे बदलले पाहिजेत. ओरडून उत्तर बदलत नाही.

इथे बाजार काय करतो ते पाहा. व्यक्तिमत्त्व विकासाचा जो धंदा आता तालुक्यापर्यंत पोहोचला आहे, त्यात माणसाच्या संकोचाला 'अडथळा' मानतात आणि तो कसा मोडायचा याचे प्रशिक्षण कोचला देतात. गिऱ्हाईक म्हणाले 'नवऱ्याला विचारून सांगते', तर म्हणायचे, स्वतःच्या आयुष्याचा निर्णयही तुम्ही घेऊ शकत नाही का? गिऱ्हाईक म्हणाले 'पैसे नाहीत', तर म्हणायचे, पैसे नाहीत की स्वतःवर विश्वास नाही? गिऱ्हाईक म्हणाले 'विचार करते', तर म्हणायचे, विचार करणारे मागे राहतात. यातला प्रत्येक प्रश्न हुशार आहे आणि प्रत्येक प्रश्न निर्दय आहे. समोरच्याला लाज वाटायला लावून त्याच्या तोंडून 'हो' काढायचे आणि त्या 'हो'ला निर्धार म्हणायचे. सभागृहात गाणी लावतात, टाळ्या वाजवायला लावतात, कधी काचांवरून चालवतात. रात्री माणूस भारावून घरी येतो. सोमवारी सकाळी तीच कांडी, तीच सासू, तोच दाखला नसलेला कागदांचा गठ्ठा. आणि वर बचत गटातून उचललेले शिबिराच्या फीचे पैसे.

या धंद्याचे एक आवडते समर्थन आहे: 'जो पैसे मोजतो तोच टिकतो. फुकटाची किंमत नसते.' हे अर्धे खरे आहे. थोडी झळ सोसली की माणूस गोष्ट गांभीर्याने घेतो, हे मीही पाहिले आहे. आमच्या वर्गातही वही-पुस्तकांचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत असा नियम आहे. पण फीच्या पावतीने बांधला कोण जातो? पैसे देणारा. घेणारा बांधला जात नाही. शिबिर संपले की त्याची गाडी पुढच्या गावाला लागते. माणूस सहा महिन्यांनी जिथल्या तिथे असेल तर त्याचे खापर पुन्हा त्याच्याच डोक्यावर, कारण 'तुम्ही सांगितलेले अमलात आणले नाही'. यश आले तर कोचचे, अपयश आले तर गिऱ्हाईकाचे. असा एकतर्फी करार आपण भंगारवाल्याशीही करणार नाही.

बी.एड.ला आम्ही थॉर्नडाइकचे अध्ययनाचे नियम पाठ केले होते. त्यातला पहिलाच नियम तयारीचा. जो तयार आहे त्याला कृती करू दिली तर समाधान मिळते, आणि जो तयार नाही त्याच्यावर कृती लादली तर त्रास होतो. परीक्षेपुरते पाठ केलेले हे वाक्य पुढे वर्गात रोज खरे ठरताना पाहायला मिळते. ज्याला पुढे ढकलून उभे केले त्याला फळ्यासमोरचे दोन मिनिटे आयुष्यभर आठवतात, आणि तो पुन्हा हात वर करत नाही.

ज्यांना शिक्षकांचे म्हणणे पुरेसे वाटत नाही त्यांच्यासाठी संशोधनही आहे. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारू सोडू पाहणाऱ्या माणसांबरोबर अनेक वर्षे काम केले. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. समुपदेशक कसा बोलतो आणि समोरचा पुढे किती पितो, हे त्यात तपासले होते. समुपदेशक जितका वाद घालणारा, जितका तोंडावर सुनावणारा, तितकी त्याच्याकडे आलेली माणसे वर्षभरानंतर जास्त पीत होती. मिलर यांची पुढची सगळी पद्धत याच्या उलट आहे. बदलायचे का आणि कसे, याची कारणे समोरच्याच्या तोंडून यायला हवीत. आपण कारणे देऊ लागलो की तो बिचारा दुसरी बाजू लढवू लागतो, आणि लढवता लढवता ती बाजू त्याला पटू लागते. घरात तरुण मुलगा असलेल्या प्रत्येक आईला हे कुठल्याही संशोधनाशिवाय ठाऊक आहे.

चालढकलीबद्दलही तसेच. टिमथी पिचिल आणि फ्युशिया सिरॉय यांनी २०१३ मध्ये मांडले की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नाही, तो भावनेचा प्रश्न आहे. जे काम समोर आले की भीती, लाज किंवा कंटाळा दाटून येतो, ते काम पुढे ढकलले की त्या क्षणापुरते हलके वाटते. माणूस कामापासून पळत नाही, त्या कामाबरोबर येणाऱ्या भावनेपासून पळतो. आता विचार करा, लाजेपोटी टाळणाऱ्या माणसाला व्यासपीठावरून आणखी लाजवले तर काय होईल? तो आणखी टाळेल. आगीवर रॉकेल ओतून वर 'बघा, विझत नाही' म्हणण्यासारखे हे आहे.

इथवर वाचून काही सज्जन वाचक खूश झाले असतील. 'बरोबर आहे, कुणावर जबरदस्ती करू नये. ज्याला त्याला वेळ आली की समजते.' त्यांच्याशीही माझे भांडण आहे, आणि ते शिबिरवाल्यांपेक्षा मोठे आहे, कारण हे लोक आपल्यातले आहेत.

वाट पाहणारा हा वर्ग सुशिक्षित आहे, नोकरीत आहे, मनाने चांगला आहे. मोहल्ल्यातली मुलगी नववीत शाळा सोडते तेव्हा तो हळहळतो. 'घरच्यांची मानसिकता बदलायला हवी' असे म्हणतो आणि मानसिकता बदलण्याची वाट पाहत बसतो. मंडळाची मुदत मात्र कुणाची वाट पाहत नाही. एक वर्ष सुटणे सगळ्यांना सारखेच महाग पडते असेही नाही. मुलाचे एक वर्ष गेले तर तो कारखान्यात जातो, पुढे कदाचित परततो. सोळा वर्षांच्या मुलीचे एक वर्ष गेले तर त्या वर्षात तिची मंगनी होऊ शकते, आणि मग परतीची वाट पंधरा वर्षांनी लांबते. 'तुझी तयारी झाली की सांग' हे वाक्य ऐकायला उदार वाटते, पण ते बोलून आपण सगळे ओझे तिच्याकडे ठेवून घरी जातो. तयारी आभाळातून पडत नाही. पहिले पाऊल टाकले की थोडी तयारी होते, त्यावर दुसरे पाऊल टाकता येते.

आणि आपल्याकडे या वाट पाहण्याला एक पवित्र शब्दही सापडला आहे. 'इन्शाअल्लाह.' मी हा शब्द दिवसातून अनेकदा उच्चारते आणि मनापासून उच्चारते. पण आपण त्याचे काय करून ठेवले आहे ते पाहा. कुणी 'इन्शाअल्लाह येतो' म्हटले की आपण समजून घेतो, हा येणार नाही. नकार द्यायची लाज वाटते म्हणून अल्लाहचे नाव पुढे करायचे, ही कसली श्रद्धा? हा शब्द शिकवला गेला तो उद्याच्या कामाचा इरादा करताना, आपल्या ताकदीचा गर्व होऊ नये म्हणून. त्यात इरादा आधीच गृहीत आहे. इरादाच नसेल तर त्या शब्दाला अर्थ काय उरतो? उंटाला मोकळे सोडून तवक्कुल करू की बांधून करू, असे विचारणाऱ्या माणसाला पैगंबरांनी आधी उंट बांधायला सांगितले, ही तिर्मिझीतली हदीस आपल्या मदरशातल्या लहान मुलालाही ठाऊक असते. सतरा नंबरचा फॉर्म हा तो दोर आहे. तो न भरता केलेली दुआ म्हणजे मोकाट उंटाकडे पाहत बसणे.

कुणी म्हणेल, आपला समाजच असा, आपल्याला ठरवून काही करता येत नाही. हे साफ चूक आहे. आपण ठरवून करण्यात पटाईत आहोत. लग्न पाहा. चार वडीलधाऱ्यांसमोर तारीख ठरते. त्याच आठवड्यात हॉलचा ॲडव्हान्स जातो. पत्रिका छापून वाटल्या जातात, म्हणजे माघारीचा रस्ता बंद. कोण बाहेरगावच्या पाहुण्यांना आणणार, कोण आचाऱ्याशी बोलणार, नावानिशी कामे वाटली जातात. पैसे कमी पडले तर मामा देतो, चाचा देतो. एकाही घरात मी ऐकले नाही की 'नवऱ्या मुलाची मानसिक तयारी झाली की तारीख पाहू'. नवरा मुलगा कितीही बुजरा असो, त्या दिवशी तो शेरवानी घालून बसतोच. मग दहावीच्या परीक्षेला तारीख, साक्षीदार, ॲडव्हान्स, मामा, चाचा यांतले काहीच का नसते? त्या परीक्षेचा सगळा भार त्या एकटीच्या 'इच्छाशक्ती'वर का?

रमजान पाहा. जो माणूस एरवी तासभर तंबाखूशिवाय राहू शकत नाही, तो त्या महिन्यात पहाटेपासून सूर्यास्तापर्यंत पाण्याच्या घोटाशिवाय राहतो, एकोणतीस किंवा तीस दिवस. त्याची इच्छाशक्ती चंद्र दिसताच दुप्पट होते का? नाही. सुरुवातीची आणि शेवटची वेळ मिनिटापर्यंत ठरलेली असते. घरातले सगळे एकाच वेळी उठतात. आजूबाजूची सगळी गल्ली तेच करत असते. चुकून विसरून काही खाल्ले गेले तर रोजा मोडत नाही, आजारी माणसाला आणि मुसाफिराला नंतर भरपाईची सवलत आहे. म्हणजे वेळ, सोबत, साक्षीदार आणि चुकीला जागा, या चारही गोष्टी आधीच मांडून ठेवलेल्या असतात. ईदनंतर त्या उठतात आणि तोच माणूस पानटपरीवर दिसतो. माणूस बदललेला नसतो, मांडणी बदललेली असते. आषाढीच्या वारीतही हेच दिसते. एकट्याने पंढरपूरपर्यंत चालत जाईन असे म्हणणारे हजार सापडतील, पण प्रत्यक्ष चालतात ते दिंडीबरोबर, ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या मुक्कामांवरून.

म्हणून संकोचणाऱ्या माणसाला मदत करायची असेल, मग ती मदत करणारा फी घेणारा कोच असो, शिक्षक असो की शेजारी, तर त्याने काय करावे याबद्दल माझी काही ठाम मते आहेत.

पहिले, विचारावे आणि उत्तर संपेपर्यंत गप्प बसावे. 'का करत नाहीस?' असे विचारू नये, त्याचे उत्तर फक्त सबबी असते. 'केलेस तर काय काय अडेल?' असे विचारावे. मग अडचणी एकेक करून कागदावर उतरतात, आणि कागदावर आलेली अडचण डोक्यातल्या अडचणीपेक्षा नेहमीच लहान असते. त्यांतल्या काही कागदपत्रांच्या असतात, काही पैशांच्या, काही भीतीच्या. तिन्हींवर औषध वेगळे आहे. दाखल्याच्या अडचणीला प्रेरणेचे भाषण लागत नाही, माहेरच्या शाळेच्या लिपिकाला फोन करणारे कुणीतरी लागते.

दुसरे, पाऊल लहान करावे. 'दहावी करणार का?' हा प्रश्न डोंगराएवढा आहे. 'या सोमवारी आधार आणि रेशनकार्डाची झेरॉक्स घेऊन येशील का?' हा प्रश्न ओंजळीत मावतो. सातत्याने केलेले थोडेसे काम हे अल्लाहला अधिक प्रिय असते, ही शिकवण आपण वाझमध्ये ऐकतो आणि मशिदीच्या पायऱ्यांवरच विसरतो.

तिसरे, कधी आणि कुठे हे ठरवून घ्यावे. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गॉलविट्झर यांचा याच विषयावर अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना नाताळच्या सुट्टीत एक अहवाल लिहायचा होता. काहींकडून तो नेमका कधी आणि कुठे बसून लिहिणार हे आधी लिहून घेतले, इतरांकडून नाही. हेतू सगळ्यांचा चांगलाच होता. पण वेळ-जागा लिहून देणाऱ्यांत काम पुरे करणाऱ्यांचे प्रमाण दुपटीहून जास्त निघाले. आमच्या वर्गात म्हणूनच 'रोज अभ्यास करीन' हे उत्तर चालत नाही. 'असरनंतर, मोठीला ट्यूशनला सोडून आले की, स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी, गणिताची तीन उदाहरणे' हे उत्तर चालते.

चौथे, साक्षीदार ठेवावा, पण तो तिने निवडलेला. कुणाला नणंद हवी असते, कुणाला नणंद सोडून कुणीही. ज्याच्यासमोर नापास झाले तरी चालेल असा एक माणूस प्रत्येकाला लागतो.

पाचवे, आणि हेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते: मदत करणाऱ्याने स्वतः शब्द द्यावा आणि तो आधी पाळावा. 'तू सोमवारी झेरॉक्स आण, मी तोवर संपर्क केंद्राची चौकशी करून ठेवते.' तिने सोमवारी यावे आणि आपण चौकशी केलेली नसावी, यासारखा विश्वासघात नाही. निर्धाराची मागणी करणाऱ्याकडे आधी स्वतःचा निर्धार असावा लागतो. शिबिरवाल्याकडे नेमके हेच नसते.

यातले मी नवे काहीच सांगितलेले नाही. महाराष्ट्राच्या मातीत हे फार आधी घडून गेले आहे. १८५५ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी पुण्यात शेतकरी-कष्टकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसाच्या शाळेत येत नव्हता. त्याला आळशी ठरवणे सोपे होते. त्यांनी शाळेची वेळ बदलली.

आणि जोतीराव तरी शाळेत परत कसे गेले? लहानपणी त्यांची शाळा सुटली होती. वडिलांनी त्यांना शेतात आणि मळ्यात घातले होते, लग्नही झाले होते. मुलगा हुशार आहे हे दोन शेजाऱ्यांनी हेरले. एक लिजिट साहेब आणि दुसरे गफ्फार बेग मुन्शी, उर्दू-फारसीचे शिक्षक. त्यांनी गोविंदरावांची समजूत घातली आणि १८४१ मध्ये जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले. त्या घरातही तेव्हा 'आता कशाला' असाच विचार होता. गोविंदराव आळशी होते असे कोण म्हणेल? त्यांच्यासमोर लोकांच्या बोलण्याचे भय होते, शेतीचे काम होते, हिशेब होता. तो हिशेब बदलायला दोन शेजारी पुढे आले. आपल्याकडच्या एका मुन्शीने आपले काम नीट केले, म्हणून पुढचा केवढा इतिहास घडला, हे उर्दू शिकवणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लिहून ठेवावे असे मला वाटते.

आता एक आक्षेप उरतो, आणि तो रास्त आहे. 'सगळेच काही असे पिचलेले नसतात. काही जण खरोखरच टाळतात. त्यांच्या जबाबदारीचे काय?' होय, असे लोक असतात. ज्याच्या हाती वेळ आहे, पैसा आहे, घरचा पाठिंबा आहे आणि तरी जो पाच वर्षे 'लवकरच सुरू करतो' म्हणतो, त्याला एकदा शांतपणे विचारावे, 'तुला हे खरेच हवे आहे का?' आणि तो 'नाही' म्हणाला तर ते 'नाही' मान्य करावे. नकार हाही निर्णयच असतो. खोट्या 'हो'पेक्षा तो कितीतरी प्रामाणिक. जबाबदारी ज्याची त्याचीच आहे, हे मला मान्य आहे. पण जबाबदारीची भाषा वापरण्यापूर्वी समोरच्याच्या वाटेतले आपल्याला उचलता येण्याजोगे दगड आपण उचललेत का, एवढे तपासावे. ते न तपासता आळसाचा शिक्का मारणे हीच मुळात आपली चालढकल आहे. दुसऱ्याला आळशी म्हटले की आपल्याला काही करावे लागत नाही.

माझे हे म्हणणे शिबिरवाल्यांना पटेल अशी माझी अपेक्षा नाही, त्यांचे पोट त्यावर आहे. माझे सांगणे मोहल्ल्यातल्या शिकलेल्या माणसांना आहे. तुमच्या गल्लीत अशी एक तरी बाई किंवा मुलगी आहे जिची दहावी राहिली आहे, आणि ती कोण हे तुम्हाला ठाऊक आहे. तिला भाषण देऊ नका, व्हॉट्सॲपवर प्रेरणादायी व्हिडिओ तर मुळीच पाठवू नका. या आठवड्यात तिच्या घरी जा, बायको किंवा बहिणीला सोबत घेऊन जा. तिला विचारा, दाखला कुठल्या शाळेत आहे. त्या शाळेचा नंबर मिळवण्याचे काम स्वतःकडे घ्या. आणि उठताना पुन्हा कधी येणार तो वार सांगा. त्या वारी जा.